गोळी बंद करू का?

धाकट्या भावाच्या एका पत्राला मी नऊ वर्षं उत्तर दिलं नाही. त्याने लिहिलं होतं, 'दादा, तीन वर्षांत फिट आलेली नाही. गोळी बंद करू का? तू एवढी पुस्तकं वाचतोस, तूच सांग. तुझं उत्तर येईपर्यंत घेत राहतो.' फिटवरची तीच गोळी डॉक्टरांनी मलाही मन ताळ्यावर राहावं म्हणून दिली आहे, तरी ठामपणे काही लिहायचा धीर होईना. बारा कच्चे मसुदे फाडले.

काल त्याच्या बायकोचा फोन आला. मी माफी मागू लागलो.

"माफी कसली, भाऊजी? तुमचं उत्तर आलं नाही म्हणून तर यांची गोळी चालू राहिली. नऊ वर्षांत एक फिट नाही. पण आता रुसलेत. सोमवारपर्यंत दादाचं पत्र आलं नाही तर गोळी बंद, म्हणतात."

"मग लिहू का, की अशी मनाने सोडू नकोस, धोका असतो?"

"नको हो. डॉक्टर हेच म्हणाले, तर त्यांच्याशी भांडून आले."

आज सकाळी मी स्वतः जाऊन पत्र टाकलं : 'तुझ्या प्रश्नावर वाचतो आहे. पहिला खंड संपत आला. अजून सतरा आहेत.'