पाचही जणांची ओळख

"उघड बघू तोंड," भाऊजी म्हणाले.

ट्रम्पेटवाल्याने मुकाट्याने तोंड उघडलं. पुढचे सहा दात खोटे होते. भाऊजींनी टॉर्च मारून हिरड्या नीट पाहिल्या, अंगठ्याने एकेक दात दाबून पाहिला. दिवसभर ड्रम बडवणाऱ्या हातांत एवढा हळुवारपणा कुठून येतो, देव जाणे.

"घट्ट आहेत. घाबरू नकोस."

"मी कुठे घाबरलोय? घाम तुम्हाला फुटलाय."

रेडिओ केंद्राच्या मागच्या खोलीत पाच जण कसेबसे मावले होते. चार वाजता कार्यक्रम. सभागृहात दोनशे श्रोते, शिवाय थेट प्रक्षेपण. म्हणजे एकदा लाल दिवा लागला की जे वाजेल, जे बोललं जाईल, ते त्याच क्षणी घरोघरी. खोडायची सोय नाही. सॅक्सोफोनवाला येरझारा घालत होता, पियानोवाला बोटं मोडत होता आणि बेसवाला नेहमीप्रमाणे उभ्याउभ्या डुलक्या काढत होता.

हा संच भाऊजींनी जमवलेला. हार्ड बॉप हा जॅझमधला रगेल, अंगावर येणारा प्रकार. तो वाजवायला एकमेकांचे श्वास ओळखणारी माणसं लागतात. बारा वर्षं भाऊजींनी ही पाच माणसं फुटू दिली नव्हती. भांडणं मिटवली, रुसवे काढले, आजारपणात उशाशी बसले. ट्रम्पेटवाला तर त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ.

चौदा महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी याच मेहुण्याला कोणीतरी बोळात गाठलं. डोक्यावर पोतं टाकलं, खाली पाडलं आणि लोखंडी पाईपने तोंडाचा पार चेंदामेंदा केला. घड्याळ नेलं नाही की पाकीट नेलं नाही. दुसऱ्या शहरातल्या एका नावाजलेल्या बँडने त्याला बोलावलं होतं, आठ दिवसांनी निघायचं होतं. ते अर्थातच राहिलं. बोलता येत नव्हतं, म्हणून पोलिसांना त्याने कागदावर लिहून दिलं, काही दिसलं नाही.

त्यानंतर भाऊजींनी जे केलं ते सख्खा भाऊही करणार नाही. दीड महिना त्याला स्ट्रॉने सूप पाजलं. खोटे दात बसवायला स्वतः घेऊन गेले. ट्रम्पेटचा सगळा भार पुढच्या दातांवर येतो, त्यामुळे शून्यापासून सुरुवात. एक साधा सूर सरळ धरायला त्याला चार महिने लागले आणि ते चारही महिने भाऊजी रोज समोर बसून होते. ताई ज्याला त्याला सांगायची, "माझ्या भावाला यांनी पुन्हा माणसात आणलं."

फक्त एक वरचा सूर काही केल्या लागत नव्हता. तो आजच्या शेवटच्या रचनेत होता. त्या एका सुरासाठीच तर त्या बँडने त्याला बोलावलं होतं.

"भाऊजी, आज तो लागला ना, तर मी सगळं विसरून जाईन. अगदी मनापासून."

"लागेल रे."

"आणि नाही लागला तर?"

भाऊजी ड्रमच्या काठ्या फडक्याने पुसत राहिले. "नाही लागला तर काय, आभाळ कोसळणार आहे?"

"छे. बोलण्यापुरतं तोंड आहेच."

वेळ झाली. ते बाहेर गेले, आपापल्या जागी सज्ज झाले. लाल दिवा लागला. "एक, दोन, तीन, चार," भाऊजी पुटपुटले आणि पाचही जण एकदम सुटले.

पहिल्या तीन रचना झकास झाल्या. पियानोवाला मान खाली घालून बरसत होता, बेसवाल्याची झोप उडाली होती. मग शेवटची रचना आली. ट्रम्पेटवाला पायरी पायरीने वर चढत गेला. पहिल्या रांगेत ताईने पदर मुठीत धरला. सूर निघाला, फाटला आणि नुसती हवा आली. त्याने पुन्हा श्वास घेतला. पुन्हा हवाच. सॅक्सोफोनवाल्याने घाईघाईने मध्ये घुसून रचना कशीबशी शेवटाला नेली.

टाळ्या भरपूर पडल्या. लोकांना कीव आली की ते जरा जास्तच जोरात वाजवतात. ट्रम्पेटवाल्याने ओठावरचं रक्त रुमालाने टिपलं. ओळखी नेहमी भाऊजी करून देत. ते कागद घेऊन उठू लागले, तर त्याने हातानेच त्यांना बसवलं आणि माइकपाशी गेला.

"माझी ओळख तुम्ही आत्ताच ऐकलीत," तो म्हणाला. "आता या चौघांची. पियानोवर आहेत ते कोर्टात बावीस वर्षं टायपिस्ट होते. किती जणांना या बोटांनी आत पाठवलंय, त्यांनाच ठाऊक."

लोक हसले.

"बेसवाले आमचे कत्तलखान्यात होते. बेसच्या तारा आतड्याच्या असतात, त्यामुळे जनावरांशी संबंध अजून तुटलेला नाही. सॅक्सोफोनवाले बस चालवायचे. आजही एकदा सुटले की थांबा विसरतात."

सभागृह मोकळं झालं होतं. सॅक्सोफोनवाल्याने कमरेत वाकून नमस्कार केला.

"आणि ड्रमवर आमचे भाऊजी. पंधरा वर्षं कारखान्यात पत्रा कापायच्या मशीनवर काढली. मोजायला चुकलं की बोट गेलंच. ती सवय काही सुटली नाही. खिळा ठोकायचाय, आधी चार मोजणार. माशी मारायचीय, आधी चार मोजणार. ताई, खरं की नाही?"

ताई हसत, डोळे पुसत जोरजोरात मान हलवत होती. अख्खं सभागृह हसत होतं.

"त्या संध्याकाळी बोळात पाईप उचलला ना," तो माइकच्या आणखी जवळ सरकला, "तेव्हाही मला पोत्यातून स्पष्ट ऐकू आलं. एक, दोन, तीन, चार."