गादीवरची जागा

रायपूरच्या सदर बाजारात कापडदुकानाच्या पांढऱ्या गादीवर बसायचं तर जोडे काढावे लागतात. पुण्याहून आलेले अ‍ॅप कंपनीचे शेखर सर मात्र बूट घालून पायरीशीच उभे राहिले. कंपनीचं मोबाइलवरचं बिलाचं अ‍ॅप दुकानदारांना जड जातं, म्हणून ते त्याचा गाशा गुंडाळणार होते. पण ते अ‍ॅप सांभाळणारी अपर्णा महिनाभर याच गादीवर बसली होती. दुकानाचे सेठजी जिथे अडले ते बटण तिने टीमशी भांडून काढायला लावलं होतं. आता सेठजींनी साडी देता देता अंगठ्यानेच गिऱ्हाइकाला बिल पाठवलं आणि समोरच्या दुकानात हाक दिली, "भैया, तुम भी चालू कर लो, एकदम आसान है!" सरांनी वाकून बुटाची नाडी सोडली. "टीम आता तुझी, अपर्णा. पुढे काय बनवायचं?" गादीवर सरकत तिने जागा केली. "बसा सर, काय बनवायचं ते सेठजी सांगूनच राहिले."