कडेच्या रेघा

"डोळे मिटलेलेच ठेवा हं," असं बजावून शालनने बटव्यातून काढलेली नोट बापूरावांच्या उजव्या हातात ठेवली.

बत्तीस वर्षं बँकेत कॅशिअर असलेल्या तिच्या नवऱ्याच्या त्या हाताला अर्धांगवायूनंतर स्पर्शच कळेनासा झाला होता. अंधांना नोट ओळखता यावी म्हणून कडेला उठावाच्या रेघा असतात, शंभरावर चार आणि पाचशेवर पाच. दोन महिने रोज शंभराची नोट देऊन ती विचारत होती. "काहीच लागत नाही गं," ते म्हणत.

आज मात्र अंगठा कडेवरून दोनदा फिरला. "पाच रेघा. पाचशेची आहे."

शालनला वाटलं, आपल्याला बरं वाटावं म्हणून हे अंदाजपंचे बोलतायत.

"अहो, शंभराची दिलीये मी."

"कॅशिअरला शिकवतेस?"

वाद नको म्हणून तिने चष्मा शोधून डोळ्यांवर चढवला. नोटेच्या मागच्या बाजूला लाल किल्ला होता. पाचशेचीच!

ती हसता हसता रडायला लागली.

"हाताचं झालं," बापूराव म्हणाले. "आता तेवढी तुझ्या चष्म्याला गळ्यात अडकवायची दोरी आणू."