संदर्भ हवा

श्रद्धाने तो मजकूर पुन्हा उडवला आणि मोठ्याने म्हणाली, "कोण मेला हात धुऊन मागे लागलाय!"

इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात डॉ. विलास दळवींचं पान तिनेच लिहिलं होतं. कर्जतला त्यांच्या दवाखान्यात ती नऊ वर्षं काम करते, नर्सिंगलाही त्यांनीच घातलं तिला. मग पान कसं होणार? गौरव अंकासारखंच! वाड्यांवरच्या मुलांचं रक्त वाढवणारं औषध, त्यावरचं संशोधन, पुरस्कार, आणि दोनदा 'देवमाणूस'. रविवारी सरांचा सत्कार होता, तिथे पडद्यावर हेच पान दाखवायचं ठरलं होतं. आणि कुणीतरी रोज त्यात घुसडत होतं: 'संशोधनाचा खर्च औषध कंपनीनेच केला. औषधाने तीन मुलांना कावीळ झाली. ती मुलं अहवालातून वगळली.'

"उडवू नकोस गं," मागून डॉक्टर म्हणाले. "ते मी लिहितोय."

श्रद्धा खुर्चीतच वळली. "तुम्ही? स्वतःबद्दल? कशाला पण, सर?"

"खरं आहे म्हणून. मुलं आठ दिवसांत बरी झाली, मला वाटलं, कशाला लिहायचं. कंपनीलाही तेच हवं होतं." ते स्टुलावर बसले. "पण ज्ञानकोशवाले माझंही ठेवत नाहीत. तू माझी माणूस, म्हणून तुझ्या लेखावर 'पक्षपाती' असा शिक्का. आणि मी तर मीच! वर म्हणतात, छापील संदर्भ हवा. कुठून आणू? छापलं नाही ते मीच."

श्रद्धाचा जीव तुटला. "निदान रविवार तरी होऊ द्या, सर."

"रविवारीच बोलणार आहे. पत्रकार असतील. पेपरात आलं की कुणी त्रयस्थ लिहील."

दाराजवळच्या बाकावर कातकरवाडीतली कोंडी बीपीच्या गोळ्या न्यायला बसली होती. तिची मुलगी मैना त्या तिघांपैकीच. आता मैनाला स्वतःची दोन पोरं आहेत.

"म्हंजी मैनाला कावीळ त्या लाल औषधानं झालेली?" तिने विचारलं.

"हो, कोंडी. तेव्हाच सांगायला हवं होतं तुला. चुकलं माझं."

कोंडी बाकावरून उठली. "तुमी आठ दिस वाडीवर झोपलात, डाक्टर. माजी पोर वाचली. पन मंग आमच्या वाडीतल्या जनाचा पोर, किशोर? तो बी असाच पिवळा पडलेला. जनानं त्याला अंगाऱ्यासाठी भगताकडं नेला."

"किशोर?" डॉक्टरांना नाव लगेच आठवलं. "तो तर आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेला. माझ्या वहीत तसंच आहे."

"दिवाळीनंतर आमची समदी वाडीच भट्टीवर जाते. जना बी गेली नवऱ्यासंगं. पोर आदीच मेलं व्हतं."

तपासणीला न सापडलेल्या प्रत्येक मुलापुढे ते वहीत 'भट्टीवर' लिहायचे. बहुतेक वेळा ते खरंही असायचं. भट्टीवर जाऊन मात्र त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

श्रद्धाने पाणी दिलं, तो ग्लास डॉक्टरांनी नुसताच हातात धरून ठेवला.

"चार," ते शेवटी म्हणाले. "रविवारी तीन नाही, चार मुलं सांगायला हवीत."

"सांगा की," कोंडी म्हणाली. "पन जना आजून म्हनते, माज्याच हातून कायतरी चुकलं, म्हनून पोर गेलं. आदी तिला सांगा. मंग त्या लोकांना."

डॉक्टरांनी ग्लास खाली ठेवला आणि ते चपला शोधू लागले.