पाहुण्यांचं पाणी

“माह्या घरचं कोणी डोक्याच्या डाक्टरकडे जाणार नाई,” वासुदेवराव म्हणाले आणि विषय संपला असं समजून त्यांनी पितळी पेला खाली ठेवला.

सून अंजू दारात उभी होती. नवऱ्यासाठी नागपूरच्या डॉक्टरांची वेळ दोन महिन्यांनी मिळाली होती, उद्या सकाळी अकराची. साकोलीच्या दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी चिठ्ठी दिली होती. मोठ्या माणसांतही स्वमग्नता असू शकते, नीट तपासून घ्या, म्हणाल्या होत्या. वासुदेवरावांना त्या चिठ्ठीचाच राग. त्यांनी लाखनीला अंजूच्या वडिलांना, गोमाजींना, निरोप धाडला होता: मंडईला या आणि जाताना आपली पोरगी घेऊन जा, कायमची.

आज सानगडीची मंडई, दिवाळीनंतरची गावजत्रा. घर पाहुण्यांनी भरलेलं, बाहेर भोंगा कोकलत होता. आणि भूपेंद्र, अंजूचा नवरा, नेहमीप्रमाणे तलावाच्या पाळीवर जाऊन बसला होता.

वासुदेवराव चारचौघांत मुलाचा पाणउतारा करायला कधी लाजले नाहीत. आजही सकाळपासून तेच. याला माणसात बसायची अक्कल नाही. नजरेला नजर देत नाही. गोमाजींच्या आईच्या तेरवीत जाऊन अर्धा तास तलावात पाणी किती हे सांगत बसला, माझं नाक कापलं. म्हणे नाक कापलं! स्वतः हे त्या तेरवीला गेलेच नव्हते. ते कुणाच्याच तेरवीला जात नाहीत. त्यांची बायको, ललिताबाई, जातात.

वर आणि अध्यक्ष! चौदा वर्षं मंडई समितीचे. भाषण दरवर्षी तेच, एक शब्द इकडचा तिकडे नाही. गावातली शेंबडी पोरं त्यांच्याआधी वाक्यं म्हणून टाकतात. मफलर तोच, खुर्ची तीच, ती खुर्ची जागेवरून वीतभर सरकली तरी दिवसभर घर डोक्यावर. असला हा नमुना पोराला शहाणपण शिकवणार.

अंजूनं तीन वर्षं काढली होती. ती तापानं फणफणली तेव्हा भूपेंद्र जवळ बसला नाही, म्हणून ती उशीत तोंड खुपसून रडली. पुढे महिन्याभरानं तिला त्याची वही सापडली. तिचा दर तासाचा ताप त्यात लिहिलेला, रात्री दोनचा आणि तीनचासुद्धा. हा माणूस कोरडा नाही, हे तिला त्या दिवशी कळलं. पण मग आहे काय, ते कळेना. डॉक्टरांसाठी त्यानं स्वतःच चार पानं लिहून ठेवली होती. “मले काय होते ते मले माहीत पाहिजे,” एवढंच तो म्हणाला होता. उद्याची वेळ गेली तर तो पुन्हा तयार होईल की नाही, देव जाणे.

दुपारी गोमाजी आले. आईला जाऊन महिना झालेला, डोक्यावरचे केस अजून बोटभरही वाढले नव्हते.

पाहुणा आला की पाण्याचा लोटा ललिताबाईच आणायच्या. सुनेला हात लावू देत नसत. नवऱ्याच्या खुर्चीमागून वाकून, काहीतरी पुटपुटत त्या लोटा पुढे करायच्या. अंजूला वाटायचं, देवाचं नाव घेत असतील.

आज त्यांनी लोटा अंजूच्या हातात दिला आणि स्वतः भिंतीला टेकून खाली बसल्या.

वासुदेवरावांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. त्यांनी गोमाजींकडे पाहिलं, म्हणजे गोमाजींच्या खांद्याकडे.

“यंदा किती पोते धान झाला?”

बैठकीतल्या माना वळल्या. आई गेल्यावरची दोघांची पहिली भेट. मयताबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय इथे कुणी पाणीही पीत नाही. गोमाजींनी अंजूनं दिलेला लोटा न पिताच खाली ठेवला.

“वाण हलका होता का भारी?” वासुदेवरावांनी विचारलं.

गोमाजी दाराकडे पाहू लागले. काहीतरी चुकलं एवढं त्यांना कळलं, काय चुकलं ते मात्र कळलं नाही. मफलराचं टोक बोटाभोवती गुंडाळत ते उठले आणि कुणाशी न बोलता बाहेर पडले. खिडकीतून दिसत होतं, ते तलावाच्या पाळीकडे चालले होते. पाळीवर भूपेंद्र जरासा सरकून बसला आणि त्यानं बापाला जागा करून दिली.

ललिताबाई उठल्या. त्यांनी गोमाजींपुढे हात जोडले, म्हातारीनं खाऊ घातलेल्या पानगोळ्यांची आठवण काढली, डोळे पुसले. गोमाजी पाणी प्याले. मग ललिताबाई सगळ्यांसमोर सुनेला म्हणाल्या, “छत्तीस वर्षं मीच खुर्चीच्या मांगून त्यायले सांगत आली, कोणाले काय म्हणायचं ते. त्यायले दगड समजून रोज मनात शिव्या देल्या. हे असे काहून, हे तुह्यासारखं इचारायचं मले सुचलंच नाई.”

गोमाजी घुटमळले. निरोप मिळाला म्हणून आलो होतो, पोरीला न्यायचं की नाही, त्यांनी विचारलं.

“न्या ना. नागपूरले न्या,” ललिताबाई म्हणाल्या. “पण गाडीत दोन जागा ठेवा, एक पोराची आन् एक त्याच्या बापाची.”

“मामाजी येतील?” अंजूनं विचारलं.

ललिताबाईंनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

“येतील. एवढं एक मी मांगून सांगीन.”