पंचाहत्तर किलो

वजनकाट्यावर उभं राहण्याआधी काकांनी दोन बाटल्या पाणी पोटात ढकललं होतं. वर चार केळी. अंगात जाड स्वेटर, पायात जड बूट.

रुग्णवाहिकेवर काम करू पाहणाऱ्यांचं हे प्रशिक्षण केंद्र. सकाळी सहाला जोर-बैठका, मग धावणं, मग स्ट्रेचरसह तीन मजल्यांचा जिना. सगळी बावीस-तेवीस वर्षांची पोरं, काका छप्पन्नचे. दोन वर्षांत त्यांनी एकही दिवस चुकवला नव्हता. तेवढ्या काळात पाच तुकड्या पास होऊन कामाला लागल्या आणि काका होते तिथेच. पोरं चेष्टा करायची, की काका, आमची मुलं इथे आली तरी तुम्ही असणारच. काकांना ती चेष्टा मनापासून आवडायची.

रविवारी केंद्र बंद असे. त्या दिवशी घर त्यांना खायला उठायचं.

वजन मात्र दगा देत होतं. बायको गेल्यापासून एकट्यासाठी कुकर लावायचा कंटाळा यायचा. ओट्यापाशी उभ्या-उभ्याच दोन घास खायचे, की झालं जेवण. बघता बघता नऊ किलो उतरले. पंचाहत्तरच्या खाली गेलात तर येणं बंद, असं प्रशिक्षकांनी गेल्याच आठवड्यात बजावलं होतं.

"बूट काढा," प्रशिक्षक म्हणाले.

काकांनी काढले.

"स्वेटरही."

काटा त्र्याहत्तरवर थांबला.

"हलक्या माणसाचा इथे उपयोग नाही, काका. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे, सर."

पण काका काट्यावरून उतरेनात. बूट हातात धरून तसेच उभे राहिले. दुसरीकडे जायला त्यांना जागाच नव्हती. प्रशिक्षकांनी एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि वहीत पंचाहत्तर लिहिलं.

"एक महिना देतो. नीट जेवत जा."

काकांनी मान हलवली.

बाहेर शिट्टी झाली. नवी तुकडी जिन्यापाशी रांगेत उभी होती. काका बूट चढवून धावतच तिथे पोहोचले आणि रोजच्यासारखे स्ट्रेचरवर आडवे झाले. आज पहिल्यांदाच आलेल्या एका मुलीने पट्टे आवळले, शिकवल्याप्रमाणे त्यांचा हात हातात घेतला आणि वाकून विचारलं, "काका, कुठे दुखतंय?"