उन्हाचं विरजण

जन्मापासून पांढरीफटक असलेली नामी आज पहिल्यांदाच भर दुपारी मिठागरावर उभी होती. अंगाला लावायचा, ऊन गिळणारा जिवंत लेप गावातले लोक विरजणासारखा एकमेकांकडून मागून आणत. तिच्या अंगावर मात्र तो आधी दोनदा मेला होता आणि पाच मिनिटांत कातडी भाजून निघाली होती. आज तिसऱ्यांदा लावला होता.

तासाभरानं आईनं, गुणाबाईनं, भीत भीत तिच्या दंडावर बोट दाबलं.

“आग होतेय का गं?”

“नाही गं आई.”

तेवढ्यात दोन्ही वेळा विरजण देणारी बारकूकाकी वाटी घेऊन आली.

“गुणे, आमचा लेप नासला बघ. जरासं विरजण दे.”

आई घराकडे वळली. नामीनं दंडावरचा लेप बोटानं निपटून वाटीच्या कडेला पुसला.

“माझ्याकडचं ने काकी. छान लागलंय.”